‘नको ते’ कपाटात ठेवणाऱ्या समितीस

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. दिवाळी अंकातल्या माझ्या ‘नको ते’ या लेखाबद्दल चार लेखी तक्रारी आल्या, सबब तो अंक वाचनकक्षातल्या टेबलावरून काढून कार्यालयातल्या कपाटात ठेवला आहे, आणि यापुढे ‘मागणी केल्यास नोंदवहीत नाव, सही व कारण घेऊन’ दिला जाईल, असं त्यात म्हटलंय. भाषा सभ्य आहे, शिक्काही सरळ उमटलाय. मी या वाचनालयाची ३१ वर्षांची सभासद. लग्न होऊन फोंडा तालुक्यातल्या या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सासऱ्यांनी स्वतः येऊन माझं कार्ड काढून दिलं होतं. त्यामुळे उत्तर बंद पाकिटातून द्यायलाही हरकत नव्हती. पण अंक कपाटात गेल्याचं मला आपल्या पत्राच्या आधी मासळी बाजारात कळलं. गोष्ट चव्हाट्यावर आहेच, तर पत्रही उघडंच बरं.

तक्रारींच्या प्रती आपण नावं झाकून सोबत जोडल्यात, त्याबद्दल आभार. चौघांपैकी दोघांनी लेख वाचलेला नाही हे त्यांच्याच मजकुरावरून दिसतं. एकाने त्याला कथा म्हटलंय, दुसऱ्याने कविता. म्हणून थोडं सांगते.

गेल्या दोन वर्षांत मी ११ बायकांशी बोलले. सगळ्या गोव्यातल्या, घरात कोकणी बोलणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या. एकटी असताना, दिवा मालवल्यावर, नाहीतर भरदुपारी भांडी घासताना मनात काय चालतं, एवढंच मला विचारायचं होतं. यासाठी मराठीत धड शब्द नाही. दिवास्वप्न म्हटलं की वर्गात खिडकीबाहेर बघणारा मुलगा आठवतो, मनोराज्य म्हटलं की शेखचिल्ली. ‘कामकल्पना’ मी एकदाच वापरून पाहिला, समोरची बाई खुर्चीतच आक्रसली. अकराजणींनी स्वतःहून वापरलेला शब्द मात्र एकच निघाला. ‘नको ते मनात येतं.’ जे हवंसं वाटतं त्यालाच ‘नको ते’ म्हणायची आमच्या जिभेला सवय आहे. लेखाचं नाव तिथून आलं.

एकीचा नवरा जहाजावर असतो. नऊ महिने तो नसतो आणि तिच्या मनात येतो तो नवराच, पण लग्नाआधीचा, ज्याला अजून तिची सवय झालेली नव्हती. एकीला फोंडा-पणजी कदंबच्या बसमध्ये रोज दिसणारं एक मनगट पुरतं. मनगटाच्या मालकाकडे तिने अजून नीट पाहिलेलंही नाही. पाहिलं तर बिघडेल म्हणते. एकीच्या कल्पनेत पुरुषच नाही. आतून कडी लावलेली खोली, वर पंखा, दाराबाहेर कुणाची हाक नाही आणि आपलं अंग आपल्यापाशी, घाई नसलेलं. आणि ६२ वर्षांची एक विधवा. ४० वर्षांपूर्वी गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात एक नट आला होता. गॅसबत्तीच्या उजेडात तो पाठमोरा झाला, तेव्हा मंदिलाखाली मानेवर घाम चमकत होता. ‘तोंड आठवत नाही गो, मान आठवते,’ ती म्हणाली. त्या मानेवर तिचा अख्खा संसार निघाला.

लेखात अवयवांची नावं नाहीत. असती तरी मला लाज वाटली नसती, पण नाहीत. उलट आपल्याच उघड्या मांडणीवर, कादंबरी विभागात, खालून दुसऱ्या फळीवर अशा किमान तीन कादंबऱ्या आहेत ज्यांत नायिका विहिरीवर पाणी भरते आणि लेखक दीड पान तिच्या पदराखाली राहायला जातो. ती पुस्तकं नऊवारीतल्या माझ्या सासूबाईंनीही वाचली. तिथे नोंदवही नाही. पुरुषाने बाईबद्दल काय कल्पिलं हे साहित्य ठरतं आणि बाईने स्वतःबद्दल काय कल्पिलं त्याला कपाट, याचं कारण आपल्या पत्रात शोधलं, सापडलं नाही.

पहिली तक्रार एका निवृत्त शिक्षकांची आहे. ‘४० वर्षे अध्यापन’ असं त्यांनीच लिहिलंय. त्यांचं मुख्य वाक्य असं: ‘आमच्या घरातील स्त्रियांच्या मनास असले विचार शिवत नाहीत.’ मास्तर, आपण विचारलंत? कधी, कुठे, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून? की त्या बोलत नाहीत यावरून ताडलंत? हे वाक्य आपल्या आधी एका अमेरिकन डॉक्टरांनीही लिहिलं होतं. १९७३ साली नॅन्सी फ्रायडे या बाईंनी अमेरिकेत बायकांच्या अशाच मनातल्या गोष्टी गोळा करून पुस्तक काढलं. त्याच सुमाराला तिथल्या एका खपाच्या, चांगल्या धीट म्हणवणाऱ्या मासिकात एका नामांकित डॉक्टरांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना कामकल्पना नसतातच. पुस्तक वाचून बायकांनी फ्रायडेबाईंना इतकी पत्रं पाठवली की १९७५ मध्ये दुसरं पुस्तक निघालं, मुख्यतः त्या पत्रांच्याच जोरावर. सगळीच काही स्तुती करणारी नव्हती. स्त्रीमुक्तीवाल्यांच्याच मासिकाने तर ‘ही बाई स्त्रीवादी नव्हे’ असा शेरा मारला. पण सर्वांत जास्त आलं ते एकच, निरनिराळ्या अक्षरांत: मला वाटलं होतं, मी एकटीच आहे.

दुसरी तक्रार म्हणते, ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे.’ वरचा परिच्छेद वाचून ते गृहस्थ खूश झाले असतील. पण आपल्या भाषेची आजी महाराष्ट्री प्राकृत, आणि तिच्यातला हाल सातवाहनाचा गाथासंग्रह सातशे गाथांचा. त्यातली एक बाई दारी आलेल्या वाटसरूला सांगते: सासू इथे झोपते, मी इथे, उजेड आहे तोवर बघून ठेव, रात्री आंधळेपणाने आमच्या बिछान्यावर येऊन आदळशील. शब्दांत मनाई आणि आत बोलावणं. ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ही गाथा घेतली, आणि हजार-अकराशे वर्षं विद्वान ती शिकवत आलेत. जनाबाई तर डोईवरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात निघाली, आपल्या देवाकडे. तिचं आपण दर आषाढीला टाळ वाजवून गातो.

इतकं मागे तरी कशाला जायला हवं? पौषात आपल्याच गावात धालो होतात. जेवणं आटोपली की बायका मांडावर जमतात, हातांत हात गुंफून समोरासमोर दोन ओळी, वाकून गाणं, सरळ होऊन गाणं. मांडावर पुरुषाने पाऊल ठेवायचं नाही, हे समितीतल्या प्रत्येकाला लहानपणी आईने बजावलेलं असेल. तिथे शेवटच्या रात्री काय चालतं ते आपल्याला ठाऊक नाही आणि मी सगळं सांगणारही नाही. एवढंच सांगते, की आमच्या चुलतसासूबाई, ज्या दिवसा भाशेल्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, मान वर करत नसत, त्या कोळशाची मिशी काढून, दोरीवरचा त्याचाच सदरा चढवून, त्याच्यासारख्याच खाकरत यायच्या आणि माझ्या थोरल्या जावेला डोळा घालून विचारायच्या, ‘बाये, तुका कितें जाय?’ (बाई, तुला काय हवं?) जाऊ काय सांगायची ते ऐकून म्हाताऱ्यासुद्धा लोळायच्या. सकाळी सदरा धुऊन परत दोरीवर. पश्चिमेकडून आमच्या गावात येतो तो फक्त पावसाळी वारा.

मासळी बाजाराचंही मला असंच नवल वाटतं. तिथे ‘कितें जाय?’ म्हटल्यावर कुठलीही घरंदाज बाई बांगड्याचा कल्ला उचलून पाहते, इसवणाला बोट लावून पाहते, हा नको, तो दे, शेपटाकडचा तुकडा नको, म्हणून भर गर्दीत भांडते. तिला काय हवं हे तिला कळतं, यावर कुणाचाही आक्षेप नाही.

आता नोंदवहीबद्दल. आपल्या पत्रात ‘अंकाचे नुकसान झाले आहे, पानांवर खुणा व डाग आढळले’ असं एक वाक्य आहे. ते वाचून मी कार्यालयात आले होते. आपला कारकून भला मुलगा आहे. ‘मॅडम, तुमचाच लेख, तुम्हाला कसली सही,’ म्हणून त्याने कपाट उघडलं. अंक फुगला होता. बाकीची पानं करकरीत आणि माझ्या लेखाची आठ पानं मऊ पडलेली, नोट हाताळून मऊ पडते तशी. कडेला बारीक खुणा होत्या. पेन्सिलीची बरोबरची खूण. निळ्या पेनचा नुसता ठिपका. नखाने ओढलेली एक रेघ, उजेडाकडे धरलं तरच दिसणारी. एका पानावर पिवळा अंगठा, कढीतल्या हळदीचा असावा. आणि त्या ६२ वर्षांच्या बाईच्या मानेच्या परिच्छेदाशेजारी एक मरून टिकली चिकटवलेली. आरशावर चिकटवतात तशी. मी मोजल्या: त्या एका परिच्छेदाला १४ खुणा. समितीकडे आलेल्या पत्रांच्या साडेतीन पट, आणि एकीवरही नाव नाही.

त्या चौदाजणी आता नोंदवहीत सही करायला येतील असं आपल्याला खरंच वाटतं? त्या भल्या मुलासमोर, ज्याची आई त्यांच्याबरोबर भजनाला बसते? अंक टेबलावर होता तेव्हा पाककृती चाळता चाळता माझ्या पानांवर पोचता येत होतं. आपण बंदी घातलेली नाही, हे पत्रात दोनदा म्हटलंय, आणि ते खरं आहे. ज्याला नुसतं कुतूहल आहे तो पुरुष ऐटीत सही करून अंक घेऊन जाईल. गेलेही आहेत, नोंदवहीतली पाच नावं मी उलट्या बाजूने वाचली.

बायकांनी मला नावं ठेवली नाहीत असं मात्र कुणी समजू नये. सर्वांत टोचलं ते वकिली करणाऱ्या एका तरुण मुलीचं बोलणं. ती घरी आली, चहाही घेतला नाही. ‘मावशी, पाचव्या बाईचं का छापलंत?’ पाचव्या बाईच्या कल्पनेत पुरुष जबरदस्ती करतो. ‘उद्या समोरचा वकील हे पान माझ्या तोंडावर फडकवील. बघा, त्यांनाच हवं असतं, म्हणेल. मी काय उत्तर देऊ?’ त्या गाथेचं, आत बोलावणं असलेल्या मनाईचं कौतुक मी तिच्यापुढे केलं नाही. बाईच्या ‘नको’त ‘ये’ ऐकणारे रसिक तिला कोर्टात रोज भेटतात.

तिला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकले नाही, ते इथे देते. पाचव्या बाईने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. मधेच फोन वाजला, की ती त्या पुरुषाला तसाच उभा ठेवते, फोन घेते, दुधाचा हिशेब करते, आणि मग परत जाते, नाहीतर जातही नाही. ‘तो थांबतो?’ मी विचारलं. ‘थांबतो म्हणजे! मीच त्याला उभा केलाय.’ दार तिचं, माणूस तिचा, त्याच्या तोंडचे शब्द तिचे. खरा बलात्कारी दुधाच्या हिशेबासाठी थांबत नाही. हा सगळा तुकडा मी शब्दमर्यादेत बसवताना कापला. अख्ख्या लेखात तो एक कापायचा नव्हता, आणि तोच कापला. चूक माझी. वकीलबाई, लेख पुन्हा कुठे छापून आला तर तो तुकडा त्यात असेल.

दुसरी चूक याहून वाईट. गावं, वयं, नोकऱ्या मी बदलल्या होत्या. पण एकीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरचं निळ्या द्राक्षांचं मेणकापड तसंच राहिलं. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख भरलेलं हे राज्य. दोन तालुके ओलांडले तरी कुणाची तरी मावसनणंद भेटते. तिच्या नणंदेने मेणकापड ओळखलं. मी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, ‘मेणकापड बदललं मी, तुम्ही येऊ नका आता काही दिवस.’ या तक्रारीसाठी समितीने माझं कार्ड रद्द केलं असतं तरी मी निमूट ऐकलं असतं. पण तिने तक्रार केलेली नाही. तक्रार करणाऱ्या चौघांपैकी कुणाचंही काही बिघडलेलं नाही.

आमच्या यजमानांचं काय, हे चौथ्या पत्रात विचारलंय (‘लेखिकेच्या पतीस हे मान्य आहे काय?’). त्यांना हॉटेलात भाजीपाव खाताना कुणीतरी म्हणालं, ‘वहिनींचं वाचलं हां,’ आणि ‘हां’ जरा लांबवला. घरी येऊन त्यांनी उंड्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘इकरा जाणींतली तूं खंयची?’ (अकराजणींतली तू कुठली?) मी म्हटलं, ‘खंयचीच न्हय.’ (कुठलीच नव्हे.) दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी आंघोळीला जाता जाता म्हणाले, ‘पंख्याची खोली. ती तूच.’ नाही, मी ती नव्हे. माझी गोष्ट बारावी, ती मी छापली नाही. पण ३१ वर्षांत त्यांनी असा प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि दोन दिवस त्यावर विचार केला, हे समितीच्या माहितीसाठी.

तिसऱ्या तक्रारीत पोलिसांकडे जाण्याचा इशारा आहे. जावं. भारतीय दंड संहितेतलं अश्लीलतेचं २९२ कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४ आलंय, एवढं अर्जात दुरुस्त करावं. शिवाय २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १८६८ची जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली. सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकावर काय परिणाम होईल, ही ती कसोटी. आता आजच्या समाजाच्या मापाने, मजकूर संदर्भासकट पाहून ठरवायचं असतं. कार्यालयात बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांनी १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा खटला लढवला, तो कशावरून होता? वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्याच मासिकात ‘शारदेची पत्रे’ यायची. लिहायचे स्वतः कर्वे, बाईचं नाव घेऊन. आणि त्याच काळात, १९३३ साली, एका खऱ्या बाईला मुलींच्या मनातलं लिहायचं होतं तर तिला विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेऊन लपावं लागलं, आणि ही बाई कोण याचा महाराष्ट्रभर शोध चालला. हे मला मास्तरांच्या पत्राहून जास्त झोंबतं. इकडे आपल्याकडे साहित्य अकादमी मिळालेल्या कोकणी कवितासंग्रहाची सरकारी खरेदी २०२० साली दोन शब्दांवरून अडली होती. तेव्हा आपल्यातल्याच दोघा-तिघांनी निषेधाची पत्रं लिहिली. मला आठवतंय, कारण त्यांतल्या एकाचा मसुदा मी तपासून दिला होता.

माझी मागणी मोठी नाही. अंक टेबलावर परत ठेवावा. मुलांच्या हाती पडू नये असं वाटत असेल तर वरच्या फळीवर ठेवा, पण कुलूप नको आणि सही नको. फाटला असेल तर माझ्याकडची प्रत देते. ती टिकली मात्र काढू नये.

हे मान्य नसेल, तर निदान एक खुलासा करावा. नोंदवहीत तारीख, नाव, सही आणि कारण असे चार रकाने आहेत. माझ्या शेजारणीला अंक हवाय. वय ५४, वाचनालयाची सभासद, वर्गणी भरलेली. तारीख, नाव, सही ती करील, मी बरोबर येईन. कारणाच्या रकान्यात तिने काय लिहायचं ते समितीच्या पुढच्या बैठकीत ठरवून लेखी कळवावं.

कळावे,

आपली,
एक आजीव सभासद
ता. फोंडा, गोवा